काशिराम मिस्त्रीची दोन होडकी

गव्हाण गावात काशिराम मिस्त्रीला एक गोष्ट विचारायची नसते, ती म्हणजे शेवटची होडी कधी बांधली. कुणी विचारलंच तर तो विडी शिलगावतो आणि विचारणाऱ्याच्या चपलांकडं बघत बसतो. त्याचा बाप बुधाजी होड्या बांधायचा, आजाही बांधायचा. खाडीत भराव पडेपर्यंत काशिरामनंही बांधल्या. भराव पडला, मासळी हटली, आणि ज्यांचा धंदा कसाबसा टिकला त्यांनी फायबरच्या होड्या घेतल्या. त्याही कुणाकडून, तर काशिरामच्या सख्ख्या पुतण्याकडून, आनंदाकडून. तेव्हापासून रंधा, वाकस, पटाशा अशा हत्यारांनी भरलेली सागवानी पेटी माळ्यावर पडून होती.

ती खाली आली प्राचीमुळं. ही धाकटी लेक. नोकरी पनवेलात, आणि नाद रिमोटवर विमान उडवायचा. विमान थर्माकोलचं, पंखांची लांबी तीन हात. सुकापूरच्या मागं एक माळ होता, तिथं ती रविवारी उडवायची. त्या माळाला पत्रे लागले, आत प्लॉट पडले, आणि पत्र्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र आलं. गावच्या खाडीवर उडवावं तर शेजारी खरा विमानतळ. तिथं मनाई, आणि ती बरोबरच आहे. शोधता शोधता तिला पनवेलच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव सापडला. काठाला चाकं पळवण्याइतकी जागा नाही, पण पाणी ऐसपैस.

"पान्याला अजून कोनी पत्रे मारले नाय," प्राची म्हणाली. "चाकं काडू, खाली दोन फ्लोट लावू. पान्यावरनंच उठवू."

"फ्लोट म्हंजे होडकीच ना?"

"होडकीच. पन बाबा, त्याच्या बुडाला मदी एक पायरी पाडतात. मी वाचलंय."

काशिराम हसला. "होडीच्या बुडाला खाच पाडनाऱ्याला मिस्त्री नाय म्हनत, पोरी. तू वरचं बग, खालचं माज्यावर सोड."

सावरीचं हलकं लाकूड आणून त्यानं हातभर लांबीची दोन होडकी कोरली. पुढची नाळ उचललेली, कडा पातळ, बूड मात्र सवयीनं जाडसर ठेवलेलं. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बूड असं एकसंध घासलं की बोट ठेवलं तर घसरावं. भामा, त्याची बायको, पदराला हात पुसत म्हणाली, "देवाऱ्यात ठेवाची का आता?"

नेमका त्याच दिवशी आनंदा आला. "काका, पेटी रिकामीच पडलीय ना? माज्या साच्यांना रंधा लागतो."

काशिरामचं डोकं फिरलं. "हे विमान माज्या होडक्यांवर उटलं नाय, तर चौथ्या रविवारी पेटी घेऊन जा. माज्या हातात काय उरलं नाय असं समजेन."

"जिबंला हाड नाय तुमच्या," भामा म्हणाली. पण शब्द गेला होता.

पहिल्या रविवारी विमान पाण्यावर असं बसलं की काठावरचे गुराखीही बघत राहिले. प्राचीनं तोंड वाऱ्याकडं केलं, मोटर वाढवली. विमान पळालं, सरळ पळालं, पळतच राहिलं. पाणी सोडेना. दुसऱ्या रविवारी मोठा पंखा लावला. तेच. तिसऱ्या रविवारी शेपूट खाली दाबून ते लाँचसारखं तलाव ओलांडून गेलं आणि पलीकडच्या गवतात घुसलं. काशिराम टायरच्या ट्यूबवर बसून आणायला गेला.

"बाबा, ती पायरी..."

"मोटर कमी पडते तुजी."



मंगळवारी ओहोटीला आनंदाचा निरोप आला. गिऱ्हाइकाला द्यायची नवी होडी गाळात बसली होती. काशिराम गेला तेव्हा सहा माणसं दोर ओढत होती आणि होडी जागची हलत नव्हती.

"ओडू नका," तो म्हणाला. "बूड गुळगुळीत हाय तुजं, गाळानं धरलंय. वारा जाऊ दे खाली."

त्यानं एक बांबू बुडाखाली सारला आणि उचकला. फस्स आवाज झाला, आणि दोघांनी ओढताच होडी निघाली. आनंदा हात धुवायला गेला. काशिराम तिथंच उभा राहिला, गाळात उमटलेल्या बुडाच्या चकचकीत ठशाकडं बघत. मग घरी जायला निघाला, चहाला न थांबता.

ओटीवर बसून त्यानं होडकी उलटी धरली. मध्याच्या जरा मागं पेन्सिलीची रेघ मारली, आणि रेघेपासून मागचं बूड पाऊण बोट खोल तासून काढलं. बूड जाड ठेवलं होतं, तेवढं बरं झालं. इतकं नितळ काम स्वतःच्या हातानं मोडायचं म्हणजे काय, ते भामानं पाहिलं आणि ती आत निघून गेली. संध्याकाळी प्राची आली, पायरीवरून बोट फिरवलं, आणि शहाणी पोरगी, सरळ होडकी विमानाला बसवायला लागली.

चौथ्या रविवारी आनंदा टेम्पो घेऊन तलावावर आला. काशिरामनं पेटी सोबत आणलीच होती. दिलेल्या शब्दाला पळवाट शोधणाऱ्यांतला तो नाही.

विमान पळालं. आधी शेपूट दबलं, मग होडक्यांच्या मागच्या अर्ध्या भागाखालून पाणी सुटलं, तिथं वारा शिरून फेस दिसायला लागला, आणि विमान पायरीवर उभं राहून पळू लागलं. प्राचीनं रिमोटची काठी थोडी मागं घेतली. पाण्यावरच्या दोन रेघा एकदम तुटल्या. विमान चिंचेच्या शेंड्यावरून वळलं, तेव्हा काशिराम वर बघतच नव्हता. जिथं रेघा संपल्या त्या पाण्याकडं बघत होता.

दोन फेऱ्या मारून विमान बदकासारखं उतरलं. आनंदा गुडघाभर पाण्यात जाऊन ते घेऊन आला, उलटं केलं, पायरी बघितली.

"काका, हे कुटं शिकलास?"

"तुज्याच होडीखाली."

आनंदा हसला, मान खाली घालून. मग पेटीची एक कडी त्यानं धरली, दुसरी प्राचीनं, आणि पेटी टेम्पोत चढली. गावात शिरताना काशिराम पुढच्या सीटवरून आनंदाला म्हणाला, "आमच्या ओटीवर उतरव. माळ्यावर नको."