त्याच्या मापाची गाडी

गेलेल्या माणसावरचे लेख बहुतेक वेळा फोन वाजण्यापासून सुरू होतात. कुणीतरी सकाळी कळवतं, लिहिणाऱ्याचा विश्वास बसत नाही... माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. बातमी मला कुणी दिलीच नाही, कारण मी घरातच होते. दिगंबर, माझा नवरा, पोर्चच्या पायरीवर बसून बूट घालत होता आणि मी आत भाजीला फोडणी देत होते. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आले, तर एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. शेजारचे डॉक्टर धावत आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग बातमी मलाच सगळ्यांना द्यायची होती. पहिला फोन पुण्याला मुलीला करायला हवा होता, पण बोट गेलं ते त्याच्या मित्राच्या, बापूंच्या नावावर. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "वहिनी, दिग्याला सांगा, वेल्डिंगचे रॉड घेतलेत. रविवारी येतोच हाय मी." मी त्यांना पुढचंही बोलू दिलं. द्राक्षांची छाटणी, मजूर, पाणी, सगळं. तेवढा वेळ तरी दिगंबर कुणासाठी तरी जिवंत होता.

एक सांगून ठेवते. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणत असे आणि घरात 'अरे'. हा लेख घरातलाच समजा.

दिगंबर उंच होता. उंच म्हणजे चांगला, भारदस्त वगैरे नव्हे, तर गैरसोय होईल इतका उंच, सव्वासहा फूट. आमच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि हा वरून माझ्याकडे आरामात बघत होता. माझ्या मामांनी ते पाहिलं आणि दोन्ही टोकं धरणाऱ्यांना हात आणखी वर करायला लावले. त्याचा उपयोग झाला नाही. पुढे सगळा संसार असाच गेला. पलंगाबाहेर पाय, दाराच्या चौकटीला कपाळ, एसटीत गुडघे पुढच्या प्रवाशाच्या पाठीत. आमची छोटी चारचाकी होती, तिच्यात तो मान तिरकी करून बसायचा आणि गिअर टाकताना त्याचा गुडघा स्टेअरिंगला लागायचा. मुलगी रेवा लहान असताना तिला खरंच वाटायचं की बाबांची मान गाडीत बसल्यावर वाकडी होते आणि उतरल्यावर सरळ होते. सातपूरच्या एका कारखान्यात त्याने नोकरी केली, ती मोटारींचे सुटे भाग बनवण्याची. दुसऱ्यांच्या गाड्यांचे तुकडे घडवण्यात उभं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्याने जाहीर केलं की आता मी मला मावेल अशी गाडी करणार. मी म्हटलं, रस्त्यावर चालवायची परवानगी मिळणार नाही अशा गाडीला. तो म्हणाला, माहीत आहे, बापूच्या शेतात चालवीन.

बापू म्हणजे त्याचा आयटीआयपासूनचा मित्र. शिकले वेल्डिंग आणि परत गेले दिंडोरीला, वडिलांच्या द्राक्षबागेत. दुसरे पगारे. वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायला कमी आणि मोजायला फार. त्यांच्या खिशात रुमाल नसला तरी टेप असते. मी शाळेत शिकवत होते म्हणून ते मला आजही मॅडम म्हणतात, आणि चहाचा कप खाली ठेवतानासुद्धा तो बशीच्या बरोबर मधोमध ठेवतात. हे दोघे रविवारी सकाळी यायचे ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं आमचं रो-हाउस, त्याचा पोर्च तो केवढा... पण त्या पोर्चमध्ये चौकोनी पाइप आले, पत्रे आले, भंगारवाल्याकडून एका जुन्या व्हॅनचं इंजिन आलं. माझ्या कुंड्या गच्चीवर गेल्या. फरशीवर तेलाचे डाग पडले ते अजून आहेत. मी चिडचिड करत असे आणि ती योग्यच होती. पोहे मात्र मी न चुकता तिघांचे, म्हणजे बापूंमुळे पाचांचे करत होते.

गाडीची सुरुवात त्यांनी इंजिनापासून केली नाही, दिगंबरपासून केली. त्याला पोर्चच्या फरशीवर पाट देऊन बसवलं, पाठ टेकायला भिंत, पाय लांब. पगारे टेप घेऊन त्याच्याभोवती फिरत होते. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, खांद्यापासून मनगट. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला विचारत होतं की तुला कसं बसायला आवडेल, आणि त्याला सांगता येईना. तो सवयीने मान वाकवूनच बसला होता. बापू म्हणाले, "अरे, मान वर कर की. इथं छत हाय का?" तेव्हा कुठे त्याने मान सरळ केली आणि पगाऱ्यांनी माप घेतलं. सीट त्या मापावर बसवली, पेडलं त्या मापावर लावली. सीट पुढेमागे सरकण्याची सोय ठेवली नाही. चालवणारा एकच असताना सरकवायची कशाला, असा तिघांचा हिशेब. सीटही एकच. शेजारच्या काकूंनी विचारलं की वहिनी कुठे बसणार, तर हा म्हणाला, तिला माझ्या गाडीत बसायचंच नाहीये. तेही खरंच होतं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी मला नारळ फोडायला बोलावलं होतं. गल्लीतली चार माणसं जमली होती. दिगंबर ताठ बसला, पहिला गिअर टाकला, आणि गाडी सणकन मागे गेली. माझी खाली उरलेली एकमेव मोगऱ्याची कुंडी फुटली. दुसरा गिअर टाकला, तरी मागेच, फक्त जास्त जोरात. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा डिफरन्शियल तिघांनी मिळून उलटा बसवला होता. म्हणजे गाडीला चार गिअर मागे जाण्याचे होते आणि पुढे जायला एकच, रिव्हर्सचा. चाळीस-चाळीस वर्षं कामात घालवलेली ही माणसं, एकाच्याही लक्षात आलं नाही. बापू फरशीवर बसून पोट धरून हसत होते. पगारे इतके खजील झाले की चहा न घेता निघाले होते, मी त्यांना फाटकातून परत आणलं. दिगंबर मात्र सीटवरून उतरला नाही. काही बिघडलं नाही, सीट उलटी बसवू, असं म्हणाला. ते सगळं उघडून पुन्हा बसवायला बरेच रविवार गेले, आणि त्यातल्या एकाही रविवारी कुणी कुणाला बोल लावला नाही. मी खिडकीत बसून शाळेतल्या पोरांच्या शिकवणीच्या वह्या तपासायचे आणि कान बाहेर असायचे. घर भरलेलं असलं की माणूस त्या आवाजाकडे लक्ष देत नाही. मी देत होते.

गाडी शेतावर एकदाच गेली. बापूंच्या ट्रॉलीत चढवून, वर ताडपत्री टाकून. द्राक्षं नुकतीच उतरवली होती, बागेच्या कडेने बांधाशेजारचा कच्चा रस्ता सरळ विहिरीपर्यंत जातो. दिगंबर बसला आणि निघाला. मी, बापू, पगारे रस्त्याच्या टोकाला उभे होतो. धुरळा होता, इंजिन फटफटत होतं, पत्रा वाजत होता, आणि त्या सगळ्यावर त्याची मान... सरळ होती. कुठल्याही वाहनात बसलेला माझा नवरा मी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ मानेने बसलेला पाहिला. विहिरीपाशी वळून तो परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर माती बसली होती. परत येताना ट्रॅक्टरच्या मागे मोटार मी चालवत होते, आणि शेजारी मान तिरकी करून तो झोपून गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो पायरीवर बूट घालायला बसला.

दुपारी अमरधामला नेण्यासाठी शववाहिका आली आणि त्याला आत ठेवल्यावर मागचं दार लागेना. चालक बिचारा भला माणूस होता, हळू आवाजात म्हणाला की पाय थोडे दुमडावे लागतील. बापू पुढे झाले.

"नाय," ते म्हणाले. "दुमडायचे नाय. सारी जिंदगी दुमडूनच बसला तो."

मग पगाऱ्यांनी पोर्चमधून दोरी आणली, दार उघडंच ठेवून बांधलं, आणि ते दोघे त्या उघड्या दाराशी बसून गेले.

तेरावा झाला, रेवा आणखी आठवडाभर राहिली. जाताना म्हणाली, आई, ती गाडी भंगारात देऊन टाक, पोर्च मोकळा होईल, आणि तू माझ्याकडे ये. दोन्ही गोष्टी तिने मायेनेच सांगितल्या. मी बघू म्हटलं. पहिल्या रविवारी मी सवयीने पाचांचे पोहे भिजवले आणि ते दोन दिवस खाल्ले. दुसऱ्या रविवारी कुणी येईल असं वाटून फाटकाची कडी काढून ठेवली. कुणी आलं नाही. बापूंचा फोन यायचा, पगाऱ्यांचाही यायचा. काही लागलं तर सांगा, संकोच करू नका. मला काय लागणार होतं? गॅस होता, औषधं घरपोच येत होती. मला रविवारी पोर्चमध्ये कुणीतरी हातोडी आपटायला हवं होतं, आणि ते फोनवर सांगता येत नाही. त्यांचंही मला कळत होतं. मित्र गेल्यावर त्याच्या बायकोकडे दोन पुरुषांनी रविवारी उगाच येऊन बसायचं म्हणजे कसं, गल्ली काय म्हणेल, आणि येऊन बोलायचं तरी काय. त्यांना काम असल्याशिवाय येता येत नव्हतं आणि काम दिगंबरबरोबर संपलं होतं.

एकदा संध्याकाळी मी त्या सीटवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझी पाठ टेकली तर पाय पेडलांपासून हातभर अलीकडे राहिले, हात स्टेअरिंगपर्यंत पोचेनात. माझ्या चहूबाजूंनी तो तिथे होता, त्याची मांडी, त्याची पाठ, त्याचे लांबलचक पाय, आणि मी मध्ये लहान मुलीसारखी बसले होते. खूप रडले. रडून झाल्यावर शेजारी कुणी नाही हे पुन्हा नव्याने कळलं. उतरले आणि आत जाऊन बापूंना फोन लावला. म्हटलं, गाडी मला चालवायची आहे, सीट पुढे घ्यावी लागेल, रविवारी या.

बापू म्हणाले, "वहिनी, ते माप दिग्याचं हाय."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण तो आता बसणार नाहीये ना, बापू."

हे मी इतकं सरळ कसं बोलले मला ठाऊक नाही. ती सीट होती तशीच ठेवावी असं मला फार वाटत होतं. पण ती तशी ठेवली असती तर पोर्चमध्ये मी आणि सीट अशा दोघीच उरलो असतो.

रविवारी दोघे आले. चहा झाला. बापूंनी टायरची हवा तपासली, पगाऱ्यांनी बॅटरीच्या वायरी पुसल्या. सीटच्या बोल्टला कुणी हात लावेना. पोहे झाले, पुन्हा चहा झाला, हवा पुन्हा तपासून झाली. शेवटी पगारे म्हणाले, मॅडम, सीट राहू द्या, पाठीमागे जाड उशी लावू आणि पेडलांना लाकडाचे ठोकळे लावू. मी म्हटलं, उशी नको, पाना मला द्या. मी पहिला बोल्ट फिरवायला गेले, तो हलेना. बापूंनीच आवळलेला तो. मग माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि तो करकर करत सुटला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. उरलेले बोल्ट त्यांनी काढले. पगाऱ्यांनी मला पाटावर बसवून माप घेतलं, पूर्वीसारखंच, टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर. फ्रेमला नवीन भोकं पाडली. दुपारभर ड्रिलचा आवाज होता. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन वैतागून आत गेल्या, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सीट पुढे आली तशी तिच्या मागे रिकामी जागा राहिली. हातभर रुंद, जुनी भोकं तशीच उघडी. बापू म्हणाले, इथं पत्र्याची पेटी करू, हत्यारं राहतील. पगारे म्हणाले, जादा चाकही बसेल. मी नको म्हटलं. मी गाडी चालवेन तेव्हा माझ्या पाठीमागे तेवढी जागा मोकळीच असेल. तिथे कुणी बसू शकत नाही, सामानही राहणार नाही. ती दिगंबरची आहे. पाय लांब करायला त्याला तेवढी लागेलच.

ऊन उतरलं. दोघे नळावर हात धुवायला लागले, म्हणजे काम संपलं होतं. बापू टॉवेलला हात पुसत गाडीकडे बघत होते. पगाऱ्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. मला म्हणाले, एकदा बसून बघा. मी बसले. पाय पेडलांवर आले, पाठ टेकली, दोन्ही हात स्टेअरिंगवर आरामात पोचले, कोपरं जराशी वाकली, जशी वाकायला हवीत तशी. पगारे वाकून बाजूने बघत राहिले. आयुष्यात कधी चुकीचं माप न सांगितलेला तो माणूस... बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम," ते म्हणाले, "स्टेअरिंग अजून लांब पडतंय तुम्हाला. पुढच्या रविवारी यावं लागेल."

मी कोपरं सरळ केली.

"हो," मी म्हटलं. "बरंच लांब पडतंय."