लीसाहेबांचं दुकान

आमच्या गल्लीत साधं कौल बदलायचं तरी अर्जाच्या पाच प्रती लागतात. त्या प्रती मी काढतो. मलेशियात, पिनांगच्या जुन्या बंदरामागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि वारसा समिती नावाचं प्रकरण सुरू झाल्यापासून माझं पोट तिच्यावरच चाललंय, तेव्हा खरं तर मी बोलू नये. पण बोलतो. खिडकीला कुठला हिरवा लावायचा, पाटी किती रुंद, अक्षरं रंगवायची की कोरायची, मागच्या अंगाला मोरी वाढवायची तर भिंत कशाची, सगळं समितीपुढे जातं आणि बहुतेक वेळा परत येतं. माझी स्वतःची दिव्यांची पाटी त्यांनी उतरवायला लावली. आता लाकडी फळीवर जुन्या वळणाच्या अक्षरांत झेरॉक्स लिहिलंय. पर्यटक तिचेही फोटो काढतात.

माझ्या शेजारी गाइक सिमचं दुकान. मी तिला आ-सो म्हणतो, म्हणजे वहिनी. दोर, झाडू, बादल्या, चटया असा माल. सत्तरी उलटून गेली तिची, गुडघे गेलेले, आणि सकाळी दुकानाच्या फळ्या काढतानाच ती दमलेली असते. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासऱ्याने तिला गल्ल्यापाशी बसवलं, ती अजून तिथेच आहे. सासऱ्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही. "ए," म्हणायचा, आणि हिने उठायचं. मी तेव्हा शाळेत होतो, पण ते "ए" मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

तिचा नवरा याप तिओंग हाय. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. आमची घरं अरुंद आणि खोल. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, आणि मधोमध उघडा चौक. जिना असा उभा की धडधाकट माणूसही कठडा धरून चढतो. तेव्हा आ-सोने त्याची खाट चौकातच टाकली आणि पाऊस अंगावर येऊ नये म्हणून वर पत्रा ठोकून घेतला. चौक झाकायला समितीची सक्त मनाई आहे. तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर मीच पाच प्रती काढल्या असत्या आणि नकारही मीच वाचून दाखवला असता.

हे असंच चाललं असतं, पण निळ्या पाट्या आल्या.

समितीने जुन्या दुकानांची माहिती गोळा करायला एक मुलगी पाठवली होती. आम्हा चिन्यांतलीच, चिनी शाळेत शिकलेली. आ-सोच्या दारावर सासऱ्याने लावलेली कोरीव पाटी आहे, तिच्यावर दोन सोनेरी अक्षरं. जुन्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. बान ली, म्हणजे दहा हजारपट नफा. झाडू विकणाऱ्याने तरी कमी का मागावं! त्या मुलीने शाळेत शिकवलेलं तसं डावीकडून वाचलं आणि लिहून नेलं, ली बान. कचेरीतल्या कुणाला तरी वाटलं, हे माणसाचंच नाव. महिन्याभराने भिंतीवर निळी पाटी लागली: 'ली बान, दोरखंडाचे व्यापारी. मूळ मालक श्री. ली.'

आम्ही पोट धरून हसलो. गल्लीतले लोक आ-सोला लीबाई म्हणायला लागले आणि तीही ओ द्यायला लागली. वाद घालायला अंगात जोर लागतो.

हसला नाही तो एकटा तिओंग हाय. रोज सकाळी गाईड पर्यटकांचा घोळका घेऊन दुकानापुढच्या पडवीत थांबायचा आणि मोठ्याने सांगायचा, हे दुकान श्री. ली यांनी काढलं. पुढचं तो पदरचं घालायचा, ते चीनहून दोराचं एक भेंडोळं घेऊन आले वगैरे. चौकातल्या खाटेवर सगळं ऐकू यायचं.

"कोण हा ली?" तो विचारायचा. "माझ्या बापाच्या दुकानात हा ली आला कुठून?"

"चीनहून आला, दोर घेऊन," आ-सो म्हणायची. "रोज सांगतात ना."

"तुला थट्टा सुचते. मी मेल्यावर गावाला वाटेल आम्ही लीचे नोकर होतो."

हा विषय त्याच्या डोक्यातून गेलाच नाही. जेवण सुटलं. पाटी दुरुस्त करा, दुसरं काही मागत नाही, एवढंच चालू. आ-सो माझ्याकडे आली. मी तिला खरं ते सांगितलं. पाटीसाठी अर्ज केला की घराची पाहणी आलीच, आणि पाहणी म्हणजे पडवीपासून मोरीपर्यंत. पत्रा दिसणार आणि तो उतरवावा लागणार.

तिने खाटेपाशी जाऊन तसंच सांगितलं. मीही होतो.

"मग काढा पत्रा," तिओंग हाय म्हणाला.

"आणि तू काय पावसात झोपणार?"

"मला माडीवर टाका."

"म्हाताऱ्या, एकदा वर गेलास की खाली येणार नाहीस. जिना आठवतोय ना?"

"पुढच्या खोलीत टाका, खिडकीपाशी. खाली तो गाईड माझ्या बापाचं नाव घेईल ते कानावर पडलं की झालं. मला बघायचं नाही, ऐकायचंय."

आ-सो उठून गल्ल्यापाशी गेली. संध्याकाळी मात्र माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला चिडलेलं पाहिलं. "मेलेल्या बापासाठी वर चाललाय," म्हणाली. "आणि जिवंत बायकोने दिवसातून दहादा तो जिना चढायचा. पेज घेऊन, भांडं घेऊन. माझ्या गुडघ्यांचं नाव कुठल्या पाटीवर लिहिणार आहेत, हुआट?" मी पाच प्रती काढल्या आणि पैसे घेतले नाहीत.

पत्रा उतरला. चौघांनी तिओंग हायला खुर्चीत बांधून वर नेलं. अर्ध्या जिन्यात त्याने डोळे मिटून घेतले होते. मग आ-सो कचेरीत गेली. एकटीच गेली, कारण त्या दिवशी माझं मशीन अडकलं होतं. तिथे काय झालं ते नंतर तिच्याच तोंडून कळलं.

टेबलावर रोहायाबाई होत्या. बाई वाईट नाहीत, फायलींच्या ढिगामागे दिसत नाहीत एवढंच. त्यांनी बान ली असं दुरुस्त करून घेतलं आणि विचारलं, "आंटी, मूळ मालकांचं नाव काय?"

"ह्यांचे वडील," आ-सो म्हणाली.

"हो, पण नाव?"

आमच्या जुन्या घरांतल्या सुना सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. आ-सोने जन्मात घेतलेलं नाही. सासरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. ती म्हणाली, "ह्यांचे वडीलच. दुकान त्यांनी काढलं, दारावरची पाटीही त्यांनीच लावली."

"म्हणजे पाटीवर आहे तेच ना?"

आ-सोला वाटलं, सुटले. बाई पाटीबद्दल विचारतायत असं समजून तिने मान हलवली. आमच्यात आडनाव आधी येतं, मुलगा याप तर बापही यापच; रोहायाबाई मलय, त्यांच्यात आडनावाची भानगड नाही. बापाचं नाव वेगळं, मुलाचं वेगळं. त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. त्यांनी लिहून टाकलं.

नवी पाटी लागली त्या सकाळी मी पडवीत होतो. 'बान ली, दोरखंडाचे व्यापारी. मूळ मालक श्री. बान ली.' आ-सोला इंग्रजी वाचता येत नाही. तिने विचारलं, मी वाचून दाखवलं. मग कचेरीतलं ते सगळं तिने मला सांगितलं.

"परत अर्ज करू," मी म्हटलं.

"पाट्या आता पुढच्या वर्षी, असं म्हणाल्या त्या. तोवर तो राहणारे का?" एवढं बोलून ती पायरीवर बसली. "पत्रा गेला. माणूस वर गेला. आता आणखी काय काढू घरातून?"

वरून हाक आली. "लागली का गं? काय लिहिलंय?"

"तुझ्या बापाचं नाव," ती बसल्या जागेवरून ओरडली.

"उद्या ऐकतो."

दुसऱ्या दिवशी गाईड यायच्या आधी ती त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठून पाटीवरचं नाव घेऊ नको म्हणून सांगून आली. तो म्हणाला, "आंटी, पाटीवर असेल तेच मी बोलतो. माझ्या परवान्याचा प्रश्न आहे." फार तर दुकानापुढे येऊन गप्प उभा राहतो, म्हणाला. तेवढी माणुसकी त्याने दाखवली.

घोळका पडवीत थांबला. गाईड गप्प. आ-सो झाडू हातात घेऊन बाहेर आली, पर्यटकांकडे पाठ केली, मान वर करून खिडकीकडे बघितलं. तिचे ओठ दोनदा हलले आणि आवाज फुटेना. मग फुटला. "हे दुकान याप बून तात यांनी काढलं." आमच्याच भाषेत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. परत एकदा, "याप बून तात." पर्यटकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा लालभडक झाला होता. मी खाली बघत कागद जुळवत बसलो. मला तिची लाज वाटत नव्हती, त्या मेल्या म्हाताऱ्याचा राग येत होता. जन्मभर हिला "ए" म्हणाला आणि आता हिच्याच तोंडून नाव काढून घेतोय.

आता हे रोजचं झालंय. संध्याकाळी दुकान आवरताना मी तिला विचारलं, तिओंग हाय काही बोलतो का?

"खूश आहे," ती म्हणाली. "नवी गाईड बाई चांगली आहे म्हणतो. आवाज अगदी तुझ्यासारखा आहे, म्हणाला, पण तू काय माझ्या बापाचं नाव घेणार."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? पेज भरवली."