पुळणीचा राखणदार

मिठबावच्या खालच्या अंगाला मच्छीमारांची एक वाडी आहे. तिथली पुळण सरकारी. वाऱ्याबरोबर तिची वाळू मागच्या भातमळ्यांत घुसू लागली. तेव्हा, साठ सालच्या सुमाराला, जंगलखात्याने पुळणीवर सुरूची रोपं लावली, कुंपण घातलं आणि वाडीतल्याच परशुरामाला राखणदार नेमलं.

अडचण एकच होती. वाडीचं हुतूतूचं मैदान नेमकं तिथंच होतं. परशुराम स्वतः त्याच वाळूत खेळून मोठा झालेला. पण त्याच्या मळ्यात आता भाताऐवजी वाळू पिकत होती. त्याने काठी घेतली आणि कुंपणाशी उभा राहिला.

पोरं चिडवायची. "काका, झाडांचां बारसां कधी घालतंस?"

"तुझां लगीन झालां की घालतंय."

सगळे हसायचे. तोवर गोडी होती.

बाबू परशुरामाच्या भावाचा मुलगा, हुतूतूच्या संघाचा पुढारी. एक दिवस तो कुंपणाला धरून म्हणाला, "काका, आमी खेळाचां खंय? तुझ्या डोक्यार?"

"वर कातळार खेळा."

"थंय पडलंव तर ढोपरां तू देतलंस?"

परशुराम काठी टेकत पुढच्या रोपांकडे गेला.

मग शिमगा आला. शिमग्यात होळीसाठी लाकूड चोरलं तर कोणी फिर्याद करत नाही, ही जुनी रीत. पोरांनी त्या निमित्ताने मैदानापुरती रोपं मुळासकट उपटली आणि होळीत टाकली. ओली रोपं धड जळलीही नाहीत, नुसती धुमसत राहिली.

खात्याचे साहेब आले. परशुरामाने नावं सांगितली. पहिलं बाबूचं. पोरांना दंड झाला.

"शिमग्याची चोरी ती, काका," बाबू म्हणाला. "तुका ठावक नाय?"

"झाडाक शिमगो कळणा नाय रे."

त्यावर भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही. वाडी फक्त गप्प झाली. रापणीचं जाळं ओढायला त्याला कोणी हाक मारेना. त्याची बायको चंद्रावती विहिरीवर गेली की बाया घागरी उचलून चालू पडत. नवी रोपं त्याने एकट्याने लावली. ती जगली. मळ्यांत वाळू येणं कमी झालं, सगळ्यांच्याच. त्याबद्दलही कोणी बोललं नाही.

तो पुढच्या शिमग्याची वाट पाहू लागला. शिमग्यात दारोदार जाऊन, नाव घेऊन शिव्या घालायच्या, तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. वर्षाचा राग ओकून टाकायचा आणि पुन्हा एक व्हायचं. गावचा असेल त्यालाच त्या शिव्या मिळतात.

"दारात कित्याक बसलंस?" शिमग्याच्या दिवशी सकाळीच चंद्रावतीने विचारलं.

"येतले आता. माझ्या सात पिढ्यो काढतले," तो हसून म्हणाला. "मगे बरां होतलां."

दुपारी शिमग्याच्या मिरवणुकीचं रोंबाट आलं. ढोल, सोंगं, गुलाल. शेजारच्या विठोबाच्या टकलावरून बोंब झाली, विठोबा पोट धरून हसला. परशुराम उठून उभा राहिला.

त्याच्या दारापाशी ढोल थांबला. माणसं खाली मान घालून पुढे गेली. बाबूसुद्धा. पुढच्या घरापाशी ढोल पुन्हा सुरू झाला.

परशुराम अंगणात आला. त्याने तोंडावर हात नेला आणि स्वतःच्याच नावाने बोंब मारली. एकदा. परत एकदा. मग शिव्याही त्याच्या त्यानेच घातल्या, बापापासून सुरू करून.

ढोलात त्या कोणाला ऐकू गेल्या की नाही, कळलं नाही. कोणी वळलं नाही. चंद्रावती बाहेर आली आणि त्याचा हात धरून तिने तो तोंडावरून खाली घेतला.