माझ्या वेबसाइटला पडदा लावला तेव्हा

बाळांनो, नाटक तुम्ही पडद्यापुढून पाहिलंत. मागे काय धावपळ चालली होती ते तुम्हांला ठाऊक नाही, आणि फोनवर सांगायला घेतलं की धाकटा मध्येच जेवायला उठतो. म्हणून लिहून ठेवते. थोरलीने सावकाश वाचावं, अडेल तिथे बाबांना विचारावं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होते, हे तुम्हांला माहीत आहे. नोकरीभर पुस्तकांना क्रमांक दिले आणि ती जागच्या जागी लावली. माझं शिक्षण नागपूरला इंग्रजीतून झालं, त्यामुळे वेबसाइट कशी बांधायची हे सांगणारी पानं वाचताना कुठे अडलं नाही. इंटरनेटवरची जागा आणि पत्ता तुमच्या बाबांनी घेऊन दिला, पुढचं सगळं मी हाताने लिहिलं. एचटीएमएल मला पहिल्याच दिवशी पटलं. जे उघडलं ते बंद करायचं, असा त्याचा नियम. डब्याचं झाकण असो की अंगणाचं फाटक, मी घरात जन्मभर हेच सांगत आले. शेवटी ऐकणारं कुणी भेटलं.

या छंदाची माणसं जगभर पसरलेली आहेत, हे मला हळूहळू कळलं. एक बाई आपल्या वेबसाइटवर फक्त तिच्या गावातल्या जिन्यांचे फोटो लावते. एक गृहस्थ रोज खिडकीतून दिसलेलं आभाळ दोन ओळींत लिहितात, बाकी काही नाही. कुणी काही विकत नाही, कुठे जाहिरात नाही, ज्याचं त्याने बांधलेलं घर. आणि एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरी जायला लिंक असते, जसं आपल्याकडे दोन अंगणांच्या मधल्या कुंपणात फट ठेवतात तसं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये मी काही लिहिलं तर दुपारपर्यंत ते गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडलं जातं. वेबसाइटवर मी ठेवलेलं पान ठेवल्या जागी राहतं.

माझी वेबसाइट पांढरी होती, अक्षरं काळी. विभाग पाडलेले, प्रत्येक पानाला क्रमांक. घरामागची झाडं, तांदळाचे प्रकार, बाबा लहान असतानाच्या गोष्टी. हे सगळं दोनच वाचकांसाठी होतं. रविवारच्या फोनवर बाबा म्हणतात, "आजीला सांगा शाळेत काय झालं," आणि तुम्ही सांगता. ते गोडच आहे. पण तुम्ही कधीतरी कुणी न सांगता, आपल्या मनाने माझ्या दारात यावं, एवढं मला हवं होतं.

पानाच्या तळाशी मी एक आकडा बसवला होता, कुणी पान उघडलं की तो एकाने वाढे. रोज सकाळी चहा घेताना पाहायची, रोज तो वाढलेला. मी खूश. महिनाभराने बाबांना अभिमानाने सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "आई, तू उघडतेस ना रोज? तुझंच मोजलं जातंय ते."

मी शेजारच्या भाभींना हे सांगितलं. त्यांच्या घरचा बिछायतीचा धंदा आहे, म्हणजे मंडप, खुर्च्या, सतरंज्या, पडदे भाड्याने देण्याचा. भाभी हसता हसता ओट्यावर बसल्या.

"म्हंजे बाई, तुमीच घंटी वाजवून राह्यले अन् तुमीच दार उघडून राह्यले!"

"हसा. तुमच्याकडे काही उपाय असेल तर तो सांगा."

"पहिले दाखवा तर मले, काय लावलं थे."

मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी बोटाने पान वर-खाली केलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"बाई, राग नका मानू. हे तर तहसीलच्या नोटीस बोर्डावानी दिसून राह्यलं. पोट्टे काऊन येतीन इथी?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "मुलांना नीटनेटकं वाचायची सवय लागायला हवी."

"सवय मंग लावा. पहिले येऊ तर द्या." मग त्या जरा पुढे सरकल्या. "आपल्या इकडं बिननाटकाचा पाव्हणा येते का कधी? नाटक ठेवा, बाई. मंग पाहा, कसे धावत येतेत."

तुम्ही इकडे नेहमी उन्हाळ्यात आलात, त्यामुळे तुम्हांला हे माहीत नसेल. दिवाळीनंतर धान कापून झालं की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक असतं. ज्या गावात नाटक, त्या गावात प्रत्येक घरी पाहुणे. लेकीजावई येतात, मामा-मावश्या येतात, सोयरिकी जमतात. "या कधीतरी" म्हटलं तर कुणी येत नाही. "आमच्याकडे नाटक आहे" म्हटलं की गाड्या भरून येतात. आमचं वडसा तर या नाटक कंपन्यांचं माहेरघर. इतकी वर्षं डोळ्यांसमोर आहे, पण वेबसाइटला ते लावावं असं मला सुचलं नव्हतं.

भाभींच्या घरच्यांनी, म्हणजे भाईंनी, गोदामातून लाल मखमली पडदा काढला. आमच्या अंगणात दोन बल्ल्या रोवून तो बांधला. मी त्याचा फोटो घेतला आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर तोच लावला. माझी क्रमांकवार पानं सगळी त्याच्या मागे गेली. कपाटं भरलेलं वाचनालय कुलूप लावून बंद करावं तसं मला वाटलं, पण लावला.

भाई पूर्वी जीपवर भोंगा लावून नाटकांची जाहिरात करत. त्यांनी माझ्या मोबाइलसमोर घसा साफ केला.

"बाई, तिकीट किती सांगू?"

"तिकीट कसलं? फुकट आहे."

"फुकट सांगतलं त् कोणी येत नाई. 'मोजक्याच जागा शिल्लक' म्हणतो."

तो आवाज तुम्ही ऐकलाच: "या हो या! सातासमुद्रापार प्रथमच! तीन अंकी, कौटुंबिक, विनोदी, काळजाला हात घालणारं नाटक, नंदी निघाला परदेशी! नंदी लाकडाचा, स्टेशन खरं! फक्त एकच खेळ! मोजक्याच जागा शिल्लक! चुकवाल त् पस्तावाल!" बाबांनी सांगितलं की धाकटा आठवडाभर घरात "पस्तावाल, पस्तावाल" करत फिरत होता. फिरू दे.

नंदी बाबांचाच. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी बैल ओढत नेतात ना, त्यातला. एक चाक करकरतं. भाभींनी त्याला उरलेल्या मखमलीची झूल शिवली. मी त्याला पिशवीत घालून गावभर नेलं आणि जागोजागी फोटो काढले. राइस मिलमध्ये धानाच्या पोत्यांवर, आमच्या मोहाच्या झाडाखाली, वडसा स्टेशनच्या बाकावर. बाकावर शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, याले कुठी घेऊन जाता?" मी म्हटलं, "कॅनडाला." ते म्हणाले, "मंग गोंदियाची गाडी पकडा."

तुमची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. आमच्याकडे नाटक उजाडेपर्यंत चालतंच, त्यामुळे वेळ बरोबर जमली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, प्रत्येक प्रवेशाची फाइल क्रमाने तयार. ठरलेलं असं की तुम्ही पान रिफ्रेश करायचं आणि मी दर थोड्या वेळाने पुढचा प्रवेश चढवायचा. भाभी चहा घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून उभ्या राहिल्या.

पहिला अंक छान गेला. नंदी घरात एकटा, चाक करकरतंय, ज्याने ओढलं तो मुलगा दूरदेशी गेलेला. खाली अभिप्रायाच्या जागेत तुमचं लिहिणं येऊ लागलं. शेजारची मुलंही तुम्ही जमवली होतीत. त्यांच्यातल्या एकीने इंग्रजीत विचारलं, गाय बरी आहे ना? थोरलीने तिला तिथेच दटावलं की गाय नाही, नंदी आहे. भाभींना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "शाबास! मास्तरीणच हाये."

दुसऱ्या अंकाच्या शेवटी नंदी स्टेशनवर पोचला, गाडी आली, आणि आमच्याकडची लाइन गेली. लॅपटॉप चालू होता, पण वाय-फाय बंद. तुमच्यासमोर नंदी फलाटावर उभाच. मी कपाळाला हात लावला. भाई आपल्या घरातून ओरडले, "थांबा बाई, माह्या मोबाइलचं नेट देतो!" आणि बनियनवरच कुंपणाच्या फटीतून आत आले.

नेट जोडेपर्यंत तुम्ही अभिप्रायाची जागा भरून टाकली होतीत. चढू दे त्याला! तिकीट कुठे आहे? आणि धाकट्याचं सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: त्याला आधी भूक लागली आहे.

आता माझं नाटक काय होतं ते सांगते. तिसऱ्या अंकात स्टेशनमास्तर नंदीला परत पाठवतो, नंदी घरी येतो आणि म्हणतो, आपलं घरच बरं. फाइल तयार होती. भाभींना तो शेवट पहिल्यापासून पसंत नव्हता. आता त्यांनी लॅपटॉपवर हातच ठेवला.

"बाई, पब्लिक काय मागून राह्यली ते पाहा ना. पोट्टा म्हणते भूक लागली, अन् तुमी त्याले वापस धाडता?"

माझ्या क्रमांकवार फाइलींत भुकेचा प्रवेश नव्हता. पण भाई तसेच कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि गरम आलूबोंडे घेऊन आले. टेबलावरच नंदीपुढे कागदावर एक ठेवला.

"मिर्ची समोर ठेवा," भाभी म्हणाल्या. "हिरोले दिसली पाह्यजे."

तो फोटो चढवला आणि तुमच्याकडून जे हसणं लिहून आलं ते वाचून आम्ही तिघंही हसलो. मग थोरलीने लिहिलं, आता तो इथे पोचू दे, बर्फात. वडशात बर्फ कुठून आणायचा? भाभी घरी गेल्या आणि गादीत भरायला आणलेला कापूस घेऊन आल्या. टेबलभर पसरला. त्यात नंदी पोटापर्यंत रुतला, झूल तेवढी लाल. तुम्हांला तो शेवट आवडला. मलाही माझ्या शेवटापेक्षा आवडला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जाहिरातीत एकच खेळ म्हटलं होतं, म्हणून दुपारी मी सगळे प्रवेश उतरवले. फक्त पडदा राहिला. सोमवारी कुणी आलं नाही, मंगळवारीही नाही. नाटक संपलं की पाहुणे आपल्या गावी जातात, त्यात नवल नाही. पण मला थोडं ओकंबोकं वाटलं. बुधवारी सकाळी पडदा काढून आपली जुनी पानं पुन्हा लावायची असं ठरवून मी बसले, आणि आधी अभिप्राय पाहिले.

धाकट्याने लिहिलं होतं: आजी पडद्याखाली पाय आहेत. निळी चप्पल. कोणाचे?

मी बाबांना फोन केला, तूच लिहायला सांगितलंस का? त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते ऑफिसातून नुकते आले होते. धाकटा शाळेतून येऊन कधी बसला, कधी उठला, कुणाला पत्ता नाही.

मी फोटो पाहिला. पडद्याची कड जमिनीपासून वीतभर वर, आणि तिथे खरंच दोन पाय. वाऱ्याने पडदा फुगत होता म्हणून भाभी मागून धरून उभ्या होत्या. चुकीच्या खणातलं पुस्तक मला खोलीच्या दारातून दिसत असे. हे मात्र दिसलं नव्हतं. नाटक सुरू व्हायच्या आधी आमच्याकडची मुलं रंगमंचाजवळ वाकून असेच पडद्याखालचे पाय पाहतात आणि कोणतं सोंग उभं आहे ते ओळखतात. धाकट्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

भाभींना दाखवलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं माय! माह्ये पाय कॅनडात गेले! घासले बी नव्हते ना मी!"

"काढून टाकू का?"

"काऊन काढता? राहू द्या. पोट्टा ओळखते का पाहू."

मी उत्तरात एकच शब्द लिहिला: ओळख. दुसऱ्या दिवशी त्याचा अंदाज आला, चुकीचा. मग थोरलीचा, बरोबर. मग मी पाय बदलले. भाई, दूधवाला, पोस्टाची बाई, शेजारची कोंबडी. पायांवर क्लिक केलं की त्या माणसाबद्दल मी लिहिलेलं पान उघडतं, हे तुम्ही आपणहूनच शोधलंत. अजूनही पानं पांढरी आहेत आणि अक्षरं काळी. तुम्ही ती वाचता, कारण तुमचे प्रश्न येतात, आणि ते रविवारचे नसतात.

काल बकरी उभी केली. ती मुळीच उभी राहीना. भाई मागून शिंगं धरून, भाभी पुढून पाला दाखवत, आणि मी मोबाइल घेऊन जमिनीवर बसलेली. फोटो मिळाला, पण तेवढ्यात तिने पडद्याची झालर खाल्ली. भाड्याचा पडदा तो. मी भाभींकडे पाहिलं.

"खाल्ली त् खाल्ली," त्या म्हणाल्या. "पोट्टे येतेत ना? मंग?"

आता पडदा आणखी वर गेला आहे. तुम्हांला गुडघ्यापर्यंत दिसेल.