बाबांचा वारा

माझ्या सासऱ्यांना गिळता येत होतं, हे मी आधीच सांगून टाकते. डॉक्टरांनी चमच्याने पाणी पाजून, गळ्यावर बोट ठेवून बघितलं होतं. "गिळतायत व्यवस्थित. तोंडच उघडत नाहीत, त्याला मी काय करू?" असं म्हणाले आणि रविवारपर्यंतची मुदत दिली. तोवर जेवले नाहीत तर सोमवारी सकाळी ॲडमिट करायचं आणि नाकातून नळी घालायची.

नळी म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या शेवटी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा इस्पितळात नळी घातलीच होती. ती ते डाव्या हाताने ओढून काढायचे. म्हणून तो चांगला हातही पलंगाच्या दांडीला बँडेजने बांधून ठेवला. सहा दिवस. माझ्या सासूबाई, सखुबाई, ज्यांना मीही आईच म्हणते, सहाही दिवस पलंगाच्या त्या बाजूला उभ्या राहून बांधलेल्या हाताची बोटं चोळत होत्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "बाय, काय पन कर, पन त्यांचा हात परत बांधाला देऊ नको."

आमचं घर ठाकुर्लीला, खाडीच्या अंगाला, सातव्या मजल्यावर. ही इमारत जिथे उभी आहे ती बाबांची भातशेती. जमीन बिल्डरकडे गेली आणि फ्लॅट आमच्याकडे आला. आई अजून लिफ्टमध्ये शिरताना सांगतात, हितं बांध होता. मी मूळची साताऱ्याकडची, वाढले डोंबिवलीत, नोकरी वागळे इस्टेटमध्ये. दिपेशशी लग्न करून या आगऱ्यांच्या घरात आले तेव्हा निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. इथे 'ड' चा 'र' होतो. कोंबडा म्हणजे कोंबरा, घोडा म्हणजे घोरा. अकरा वर्षांत मी सगळं शिकले होते. निदान माझा तसा समज होता, आणि तो मी लोकांना सांगतही फिरायचे.

घरी आल्यावर बाबांना फुटला तो एकच शब्द. "वार." तोही ओढून, ओठाच्या कडेने लाळ सांडत, "वाऽऽर." इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी दुपारी लाइट गेलेली, घामाने सगळे चिंब. मी पेजेचा चमचा घेऊन पुढ्यात बसले, तर त्यांनी डावा हात उचलला, स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवला आणि म्हणाले, "वाऽऽर." दाराला लागूनच पंख्याचं बटण आहे. तेवढ्यात लाइट आली. मी ओरडलेच, "वारा! बाबांना वारा पाहिजे!" आणि पंखा पाचवर टाकला. दिपेश म्हणाला, "ऐश्वर्या, तुला बरं कळलं गं! मी नुसता बघत बसलेलो." मला केवढं बरं वाटलं ते काय सांगू. पोटच्या पोराला कळत नाही ते सुनेला कळतं, असं मी माहेरी फोन करून सांगितलं.

तेव्हापासून हेच. चमचा पुढे नेला की दात घट्ट, हात दाराकडे, "वाऽऽर." मी उठून पंखा लावायची. पंखा लागला की ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, वारं लागल्याचं समाधान. तोंड मात्र उघडायचे नाहीत. दिवसभरात दिपेश जबड्यावर बोट दाबून चार चमचे पेज आणि पावडरचं दूध घालायचा, त्यातलं निम्मं बनियनवर. डिसेंबर उजाडला, पहाटे गारठा पडू लागला, तरी "वाऽऽर" सुटेना. मग आम्ही त्यांना कानटोपी घातली, शाल गुंडाळली आणि वरून पंखा लावला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

आई जेवणाच्या वेळी तिथे नसायच्या. इस्पितळात नळी काढल्यावर चार दिवस त्यांनीच भरवायला घेतलं होतं, पण तेव्हा बाबांना एकही शब्द फुटत नव्हता, नुसते त्यांच्याकडे टक लावून बघायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे आणि तोंड मिटूनच ठेवायचे. मग आईही रडायला लागायच्या. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, भरवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करा. म्हणून घरी आल्यापासून आई स्वयंपाकघराचं दार लोटून, कुकर लावून आत बसायच्या. तो दरवाजा बंद असताना काही ऐकायला नको, असं त्यांनीच ठरवलं होतं.

आणि त्यांचं दुसरं एक चाललं होतं, त्यावरून आमची रोज वादावादी. त्या इस्पितळातच एकवीरेला नवस बोलल्या होत्या. नवरा पोटभर जेवेल तोवर मी ताटावर बसणार नाही, वशाट म्हणजे मासळी-मटण तोंडात घालणार नाही. सकाळी चहा, दुपारी केळं, संध्याकाळी पुन्हा चहा. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. "आई, तुम्ही पडलात तर दोघांना कोण बघणार?" मी चिडून विचारायची. त्या म्हणायच्या, "मना कं व्हनार हाय?" पालथ्या घड्यावर पाणी. देव पाण्यात घालून बसलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

शनिवारी आम्ही हात टेकले होते. ज्यूस, पाया सूप, खिमटी, आवडीच्या जिताडा माशाची आमटी, सगळं करून झालं होतं. दिपेशने ॲडमिट करायची पिशवी भरून दाराशी ठेवली. ती पिशवी बघून आई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "उद्या आखा कोंबरा भाजूया."

मी ऐकलं होतं त्याबद्दल. भात झोडून झालं की दरवर्षी एका संध्याकाळी बाबा शेतातच कोंबडा भाजायचे. चुलीजवळ बायकांची सत्ता नाही अशी ती एकच संध्याकाळ. आल्या-लसणाचं वाटण चोळून, केळीच्या पानात बांधून, वर मडकं पालथं घालून पेंढा पेटवायचा. घरी पंगत पुरुषांची. बायका मागाहून बसायच्या, आईंच्या वाट्याला रस्सा आणि हाडं. पण शेतात बाबा कोंबडा स्वतः फोडायचे आणि पहिली तंगडी आईंच्या पानावर टाकायचे, स्वतःची आई डोळे वटारून बघत असली तरी. आई हे सांगताना अजून लाजतात. "निदान वास तरी वलखतील," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळपासून एकेक विघ्न. मी चिकनच्या दुकानात सांगितलं, अख्खी द्या. तो हो म्हणाला, आणि मी फोनवर बोलेपर्यंत सवयीने सोलून बारा तुकडे करून पिशवी बांधली. "भाजायचीय? मग आधी नाही का सांगायचं?" मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथे माणसाच्या डोक्यावर उभी राहिले, कातडी काढू देईना, तर तो म्हणाला, "मॅडम, कातडी कोण खातं?" पिसं नीट निघाली नव्हतीच. आईंनी कोंबडी गॅसवर धरून लव जाळली, वाटण चोळलं. केस जळाल्याचा वास घरभर पसरला. बाबा कानटोपी घालून खुर्चीत बसले होते, त्यांनी नाकही हलवलं नाही.

संध्याकाळी साडेचारला मी ती माझ्या माहेरहून आलेल्या मायक्रोवेव्हमध्ये घातली. पाय आत मावेनात, दार लागेना, ताटली फिरेना. पाय सुतळीने बांधले. वीस मिनिटांनी गिझर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू झाल्याने मेन स्विच पडला. पुन्हा लावलं. तासाभराने काढलं तर पाठ कोळसा आणि मांडीत सुरी घातल्यावर रक्त. मी ओट्याला टेकून रडायला लागले. कोंबडीसाठी नाही. उद्या सकाळी त्यांचा हात बांधणार, आणि त्यावेळी मी तिथे उभी असणार, या विचाराने.

"सोर ती पेटी," आई म्हणाल्या. त्यांनी गॅलरीतला जुना माठ रिकामा केला आणि घमेलं पुढे ओढलं. "दिपेश, पेंढा आन."

ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकला तिथे मूठभर पेंढा मिळेना. दिपेश अर्ध्या तासाने फळवाल्याकडच्या पेटीतला चोळामोळा झालेला पेंढा आणि नारळाच्या शेंड्या घेऊन आला. आईंनी कोंबडीची जळकी पाठ खरवडली, ती केळीच्या पानात बांधली, घमेल्यात ठेवली, वर माठ पालथा घातला, भोवती जाळ केला. केळं आणि चहावर जगणारी बाई गुडघे टेकून फुंकर मारत होती, मध्येच कठड्याला धरत होती. धूर वरच्या मजल्यावर गेला तसा इंटरकॉम वाजला. सिक्युरिटी म्हणाला, आपके बाल्कनी से धुआँ आ रहा है, कंप्लेंट है. आईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "हितं आमचा भात झोराचा खला होता, तवापासून धूर हाय," असं सांगितलं आणि ठेवून दिला. त्याला काय कळलं देव जाणे, पण पुन्हा फोन आला नाही.

साडेसातला माठ उचलला. पान काळं पडून गळून गेलं आणि आत कोंबडी तांबूस, चरबी कातडीवर तडतडत असलेली. घरात पहिल्यांदाच जेवणाचा वास आला. मी बाबांपुढे टेबल ओढलं, मांडीचं मांस बोटांनी कुसकरून रसात आणि मऊ भाकरीत कालवलं. उरलेली कोंबडी आई स्वतः ताटात घेऊन बाहेर आल्या. ताट गरम होतं आणि दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्यांचं मन होत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या जेवणाच्या वेळी समोर उभ्या होत्या.

बाबांनी कोंबडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दिपेशने माझा दंड घट्ट धरला. मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

दात घट्ट. डावा हात वर. "वाऽऽर."

मी चमचा वाटीत टाकला, उठले आणि पंखा लावला. दुसरं काय करणार होते?

"पंखा कनाला?" आईंनी विचारलं.

"त्यांना वारा हवा असतो, आई. रोजच मागतात."

"वारा नाय गो." आई ताट तसंच धरून उभ्या होत्या. "वार बोलतान ते. वार. जेवाला वार."

मला कळायला थोडा वेळ लागला. काढ म्हणजे कार, हे मी रोज ऐकायची. 'कचरा भाइर कार.' 'ड' चा 'र' होतो तसा 'ढ' चाही होतो. वाढ म्हणजे वार. माझ्या पंख्याच्या नादात दिपेशलाही ते सुचलं नव्हतं. तो माणूस रोज म्हणत होता, वाढ.

"पण वाढलंय की, बाबा," दिपेश त्यांच्या पायाशी बसत म्हणाला. "तुमच्या समोरच आहे."

बाबांनी पुन्हा हात उचलला. दाराकडे नाही, बटणाकडे नाही. स्वयंपाकघराचं ते दार आज उघडं होतं आणि त्या दाराआड रोज बसणारी बाई समोर उभी होती. हात तिच्याकडे होता. तिच्या कोपरापर्यंत घसरलेल्या बांगड्यांकडे बघत ते म्हणाले, "वार."

"मना?" आई म्हणाल्या.

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले.

पंचवीस दिवस. पंचवीस दिवस तो माणूस सांगत होता की आधी तिला वाढ, आणि मी त्याला थंडीत पंखा लावत होते. ती उपाशी आहे हे त्यांनी इस्पितळातच बघितलं होतं. ती जेवत नाही म्हणून ते जेवत नव्हते, आणि ते जेवत नाहीत म्हणून ती जेवत नव्हती. दोघांच्या मध्ये चमचा घेऊन बसले होते मी. मला माझी इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

"आई, बसा," मी म्हटलं. "जेवा."

त्या ताट घेऊन एक पाऊल मागे सरल्या. "नवस मोरू? एकवीरा आईला बोललंय मी. मोरला आनि यांना काय झाला तर? मंग कोनाला तोंड दाखवू?" त्या कधी भिंतीवरच्या एकवीरेकडे बघत होत्या, कधी दाराशी भरून ठेवलेल्या पिशवीकडे. देवीचा शब्द मोडायचा, की उद्या नवऱ्याचा हात पुन्हा बांधू द्यायचा, हे त्या बाईने उभ्या उभ्या ठरवायचं होतं.

शेवटी त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. देवीकडे तोंड करून दोन्ही कान धरले, गाल थापटले. मग बाबांच्या शेजारी बसल्या. बाबांचा डावा हात कोंबडीपर्यंत पोचला, पण बोटांत जोर नव्हता, नुसती चरबी लागली. तेव्हा आईंनी तो हात आपल्या हातात घेतला, दोन्ही हातांनी मिळून तंगडी उपटली, आणि त्याच हाताने आपल्या तोंडाशी नेली.

त्यांना चावता येईना. घास तोंडात आणि डोळ्यांतून धारा, मध्येच "माफ कर गो आय, माफ कर." बाबा त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले, घास खाली उतरेपर्यंत. मग त्यांनी तोंड उघडलं. नुसतं उघडलं नाही, आ केला.

मी चमचा उचलला, पण दिपेशने तो माझ्या हातातून काढून घेतला. एक घास बाबांनी खाल्ला. दुसऱ्याला पुन्हा दात घट्ट, आणि आईंकडे बघत "वाऽऽर." आईंनी आणखी एक लचका तोडला. तेव्हा कुठे तोंड उघडलं. असे एकाआड एक. प्रत्येक घासाला आई देवीची माफी मागत होत्या, आणि प्रत्येक घासाला बाबा थांबून त्यांना गिळताना बघत होते. सोमवारी नळी टळेल की नाही, मला माहीत नव्हतं. आठव्या घासाला माझ्या लक्षात आलं की बाबा काकडतायत आणि वर पंखा अजून पाचवर फिरतोय.

मी उठून तो बंद केला.