तिचा निम्मा वाटा

सोफेवाल्याने दुसरं लग्न केलं तेव्हा त्याचे केस पिकले होते. लोकांचे मोडके सोफे, खचलेल्या खुर्च्या तो नव्याने भरून द्यायचा. त्याच्या दुकानाला लागून असलेल्या खिडकीएवढ्या गाळ्यात रफूवाली बसायची. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची, की गिऱ्हाईक कापड उजेडाला धरून शोधत राहायचं आणि शेवटी हसून पैसे द्यायचं. त्याची बायको वारली होती, हिने नवरा सोडला होता. दुपारचे डबे आधी शेजारी शेजारी उघडायचे, मग एकाच बाकावर उघडायला लागले.

लग्नाचं त्यानेच विचारलं. तिने लगेच होकार दिला नाही.

"घरखर्चाचा निम्मा वाटा माझा," ती म्हणाली. "भाडं, किराणा, वीज, सगळ्याचा. हे कबूल असेल तर बोला."

"अगं, मी काय तुला उपाशी ठेवणार आहे?"

"तसं नाही हो. पहिल्या घरी चप्पल तुटली तरी मागावं लागायचं. मागितलं की आधी चौकशी, मागचे कुठे उडवलेस. आता मला कुणापुढे हात पसरायचा नाही. तुमच्यापुढे तर मुळीच नाही."

त्याला तिचा ताठा आवडला. आणि खोटं कशाला बोला, जरा हायसंही वाटलं. पहिला संसार त्याने एकट्याने ओढला होता.

महिना लागला की दोघं टेबलाशी बसत, आपापल्या नोटा एकावर एक ठेवत, त्यातून घर चाले. उरलेलं ज्याचं त्याचं. त्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. त्याने सोफ्यावर पाय पसरले की ती म्हणायची, "मालक, पाय तुमच्या निम्म्यात ठेवा. इकडचं भाडं मी भरते." तो बाजारात मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "आमच्या घरात पैशावरून कधी शब्दाला शब्द लागत नाही."

काही वर्षांनी ती चष्म्याचा नंबर काढायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब जन्मभर घालायचे, एक दिवसही चुकवायचे नाहीत. बाटली महाग होती. तो म्हणाला, "औषधाचं मी बघतो." ती हसली. "डोळे माझे, औषध माझं." एकदा विचारलं, ती नको म्हणाली, विषय संपला. त्याने पुन्हा काही काढलं नाही.

पुढे रफूचं काम आटत गेलं. फाटलं की लोक नवीनच घेऊ लागले. काळे कोट तर तिने स्वतःच परत पाठवायला सुरुवात केली, काळ्यावर काळा दोरा दिसत नाही म्हणून. पण तिचा वाटा कधी चुकला नाही. फक्त मोठ्या नोटांच्या जागी सुट्टे पैसे आणि चुरगळलेल्या नोटा येऊ लागल्या. त्याच्या ते लक्षात आलं होतं. विचारायचं नाही असं ठरलेलं, म्हणून त्याने विचारलं नाही.

मग एके सकाळी तिने चहा कपाच्या बाहेर ओतला. त्याच आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. "मावशी, हे काम तुमचं वाटत नाही." सोफेवाल्याने कोट हातात घेतला. रफूच्या जागी गाठी होत्या, जखम वेडीवाकडी शिवल्यासारख्या.

घरी आल्यावर त्याने फळीवरची बाटली काढली. आत थेंबसुद्धा नव्हता आणि झाकण सुकून चिकटलं होतं.

"कधीपासून बंद आहे हे?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "मधले बरेच महिने राहिले. वाटा भरला की औषधाला उरायचं नाही."

"मग मला सांगायचंस!"

"मागायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं म्हणून डोळे घालवायचे?"

"वाटलं, थंडीत लोक कोट बाहेर काढतील, काम येईल, भरून काढीन." तिने देठ बाजूला टाकला. तो नेमका निवडलेल्या भाजीत पडला. तिला ते दिसलं नाही.

डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ लावला. डावा डोळा गेला होता. उजव्या डोळ्याला मधली एक पट्टी तेवढी दिसत होती. "गेलेलं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलंय ते राखू."

"दुकान विकतो," तो म्हणाला. "लागेल तेवढा पैसा उभा करतो."

"काका, हा आता पैशाचा प्रश्न राहिला नाही."

जिन्यावरून उतरताना तिने त्याचा दंड धरला होता.

तिचा गाळा बंद झाला. पुढच्या महिन्याला त्याने आपली सगळी कमाई तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आजपासून तूच खजिनदार. मी तुझ्याकडे मागत जाईन." रोज सकाळी तो चहाला पैसे मागायचा. ती नोटा चाचपून द्यायची. थोडे दिवस चाललं. मग ती म्हणाली, "मला खेळवू नका हो. पैसे तुमचे, मागता तुम्ही, आणि राणी मी? मला काय कळत नाही?"

सकाळ-संध्याकाळ थेंब तोच घालायचा. ती मान मागे टाकून बसायची आणि दुकानात काय काम आलं ते विचारायची. स्वतःसाठी मात्र काही मागायची नाही. "काही हवंय?" म्हटलं की "काही नको." संपलेलं तेल, झिजलेला कंगवा त्यालाच हेरावा लागायचा.

एका संध्याकाळी जेवताना ती मधेच थांबली. घास तसाच हातात होता.

"उद्या जमलं तर," ती म्हणाली, "मला एक लोकरीचं आतलं घालायला आणाल? पाठ फार गारठते."

तो जेवण टाकून उठला. "अहो, उद्या म्हटलं मी," ती मागून म्हणत राहिली. कपड्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, तो वाकून आत शिरला. दुकानदार घड्या काढत होता. "कुठलं दाखवू काका, साधं की भारी?" सोफेवाल्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि त्या परक्या माणसासमोर हुंदके देत रडला.