गिरणी बंद राहिली ते दोन तास

मंडळी, आज माझी पापनाशमची भातगिरणी दोन तास बंद राहिली. त्यापायी दोन लॉऱ्या तशाच उभ्या राहिल्या, कुंभकोणमचं एक गिऱ्हाईक तुटलं आणि माझं ब्लड प्रेशर वाढलं.

झालं असं, की उंच लोखंडी टाकीतला भात चिकटून बसला, खाली येईना. अशा वेळी आमचा कामगार मुरुगन आत उतरतो, भातावर उभा राहतो आणि बांबूने तो फोडतो. आमची जुनीच रीत. आज आमच्या सेफ्टी ऑफिसर सेल्वी यांनी त्याला अडवलं, खालून भात ओढणारं यंत्र बंद केलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "आत कुणी जायचं नाही. वरूनच फोडा."

मी म्हटलं, "अम्मा, काही बिघडलं तर माझ्या कानांना आधी कळतं. आणि माझ्या माणसांची मला काळजी आहे. या भागात माझ्यासारखा पगार कोण देतो?"

"मग मुरुगनला दोन तास बसवून पगार द्या, सर."

वरून बांबू खुपसत राहिले. एकाएकी मधला थर खालच्या पोकळीत खचला, आणि मुरुगन जिथे उभा राहणार होता तिथे विहिरीएवढा खड्डा पडला. आवाज जमिनीवर उशी ठेवावी एवढाच. माझ्या कानांना आधी काहीच कळलं नव्हतं.

मुरुगन खड्ड्याकडे बघत राहिला. मी सेल्वीबाईंकडे. त्या शांतपणे किल्ली काढत होत्या.

जो अपघात झालाच नाही, त्याचं मोल तुमच्याकडे पगारात कसं धरतात? खरंच सांगा.

मी सेल्वीबाईंना माझ्या ड्रायव्हरपेक्षा कमी देतो.